मालकाचं कुलूप

स्वतःच्या बर्फाच्या कारखान्यात कुणी ‘थांबा’ म्हटलेलं हरिश्चंद्राला खपत नसे. मालवण बंदराच्या वाटेवरचा तो कारखाना त्यानेच उभा केलेला. कॉम्प्रेसर नुसता कण्हला तरी त्याचं काय दुखतंय ते हा बाहेरच्या टपरीवर चहा पिता पिता सांगायचा. पण डिप्लोमा करून आलेली नाझनीन देखभालीचं काम पाहायला लागली, तेव्हापासून कारखान्यात ‘थांबा’ हा शब्द फार ऐकू यायला लागला होता.

त्या दिवशी सकाळीच कॉम्प्रेसरच्या मोठ्या मोटारीचे पट्टे घसरून किंचाळू लागले. बदलणं भाग होतं. फिटर गुरुदास पाने घेऊन धावला, तर नाझनीनने त्यालाही थांबवलं. आधी मशीन बंद केलं, वायूचे वाल्व बंद केले, मग भिंतीपलीकडच्या पॅनलच्या खोलीत जाऊन मेन स्विचचा दांडा खाली ओढला. दांड्याला बऱ्याच भोकांचा एक लोखंडी चिमटा अडकवून त्यात स्वतःचं लाल कुलूप घातलं. गुरुदासने आपलं निळं घातलं. दोन्ही कुलपांवर नावाच्या पाट्या लटकल्या : ‘माणूस काम करतोय. चालू करू नये.’ एवढ्यावर भागेना. तिने टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो शाबूत असल्याची खात्री केली, मग मोटारीच्या तिन्ही तारांना लावून पाहिला. शेवटी बाहेर येऊन चक्क हिरवं बटण दाबलं.

“बंद केलेली मोटार परत चालू कित्या करतंस गो?” हरिश्चंद्राने विचारलं.

“खरीच बंद झाली काय ता बघूक, काका.”

“पूजा संपली काय सांग. मगे आमी नारळ फोडूक मोकळे.”

गुरुदासने पट्ट्यांवरची जाळी काढली आणि जुने पट्टे ओढून बाहेर फेकले. हरिश्चंद्र हात मागे बांधून उभा राहिला, पण ते काही फार वेळ जमलं नाही. पट्टा किती ताणायचा हे या गुरुदासला कळतं होय? तो वाकला, तसा मागून त्याचा सदरा कुणीतरी धरला.

“काका, कुलूप.”

“दोन आसत मा?”

“एक माझा, एक गुरुदासाचा. आमचा काम झाला की आमी आमची काढतलंव. तेव्हा तुमचो हात आत आसलो तर?”

“माझोच कारखानो, आणि माकाच कुलूप!”

पण ती सदरा सोडायला तयार नव्हती. शेवटी हरिश्चंद्र तणतणत गेला, गोदामाच्या दाराचं पितळी कुलूप काढून आणलं आणि चिमट्यात खाडकन अडकवलं. त्याच्या वडलांच्या वेळचं ते कुलूप, नारळाच्या करवंटीएवढं. त्याच्याशेजारी नाझनीनचं कुलूप म्हणजे काजूची बी.

“चावी खिशात ठेवा. कोणाक देवू नकात,” नाझनीन म्हणाली.

“माका शिकव आता!”

इतक्यात दारात त्याची बायको मथुरा उभी. देवगडला भावाकडे निघालेली, खांद्याला पिशवी, एक डोळा रस्त्यावर. “माझी चावी आत रवली, नि दार ओढून घेतलंय. परत इल्यावर माका होयी, घराची तुमची द्या बेगीन, एसटी चुकात!”

तिकडे गुरुदास पट्टा उलटा धरून उभा होता. त्याच्यावर ओरडता ओरडता हरिश्चंद्राने हातातली चावी मथुराच्या हातावर ठेवली. ती पळाली. हा मोटारीत वाकला.

मोटार आणि चाकाच्या मधोमध कोपरापर्यंत हात घालून तो पट्ट्याचा ताण चाचपत होता, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला. खडाक. मग पुन्हा, जास्त जोरात, खडाक खडाक.

“ह्यो दांडो वर कित्या जाणा नाय?” मच्छीमार रमीझचा आवाज. त्याची बोट बांगड्याने भरून जेटीला लागली होती. बर्फ हवा म्हणून तो तडक मागच्या दाराने पॅनलच्या खोलीत शिरला होता आणि दोन्ही हातांनी मेन स्विचचा दांडा वर ढकलत होता.

हरिश्चंद्राचा हात जिथे होता तिथेच राहिला. काढायला हवा हे कळत होतं, पण बोटं ऐकेनात. गुरुदासने हळूच त्याचं मनगट धरून हात बाहेर घेतला.

नाझनीन पलीकडे धावली. “रमीझ, सोड तो! पाटी दिसणा नाय तुका?”

“माका वाटला लाईट गेली नि कोणी तरी मेन पाडून ठेवल्यान,” रमीझ म्हणाला. आत येऊन त्याने उघडी मोटार पाहिली, मग हरिश्चंद्राचा तेलकट हात पाहिला. “या अल्ला. काका, माका काय म्हायत तुमी आत आसास!”

हरिश्चंद्राने पाणी मागितलं, आणि पाणी पिऊन होईपर्यंत गुरुदासने आपल्याच अंदाजाने पट्टे ताणले. ते उत्तम बसले.

जाळी लागली. गुरुदासने निळं कुलूप काढलं, नाझनीनने लाल. पितळी तेवढं लटकत राहिलं. हरिश्चंद्राने खिशात हात घातला, चावी काढली, लावली. लागेना. फिरवून लावली. मग ती उजेडात धरली. घराची!

“माझी चावी देवगडाक गेली,” तो म्हणाला.

मथुराला फोनवर फोन लावले. एसटीच्या खडखडाटात पिशवीतला मोबाइल कोण ऐकतो? बाहेर रमीझचे खलाशी ओरडायला लागले.

“कापा!” हरिश्चंद्र गरजला.

“कुलपाचो मालक खंय आसा?” नाझनीनने नियमाप्रमाणे आधी विचारलं.

“तुझ्यासमोर उभो आसा!”

“धडधाकट?”

“नाझनीन!”

तिने त्याला मशीनपासून दूर, दाराबाहेर उभं केलं. मशीनमागे जाऊन कुणी उरलं नाही ना, पाहून आली. मग गुरुदासच्या हातात करवत दिली. वडलांचं कुलूप काही लेचंपेचं नव्हतं. गुरुदास दमला, मग रमीझने हात चालवला, मग खलाशांनी, आणि शेवटी हरिश्चंद्रानेच आत येऊन उरलेलं कापलं. कडी तुटली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉम्प्रेसर घुमायला लागला, टाकीवरची क्रेन हलली, तयार लाद्या निघाल्या, आणि रमीझच्या बांगड्यांवर एकदाचा बर्फ पडला.

त्या गडबडीत हरिश्चंद्राचा फोन वाजला. तो बाहेर माडाखाली गेला.

“इतके फोन कित्या केल्यात? काय झाला?” पलीकडे मथुरा. “आणि ही चावी खंयची?”

तिला चांगली झापायची असं त्याने करवत चालवतानाच ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“काय नाय गो. वाईच तुझो आवाज ऐकूचो होतो.”

“तुमी बरे आसास मा?”

“बरो आसंय. एकदम बरो. संध्याकाळी गाडी घेवन येतंय तुका न्हेवूक.”

लग्नानंतर तो सासुरवाडीला गेला होता तो फक्त लग्नाकार्याला, तेही बोलावणं दोनदा आलं तर. फोनवर हात ठेवून मथुरा भावाला ओरडून सांगत होती ते त्याला सगळं ऐकू आलं :

“दादा, रात्री एक पान वाढव रे, हे येतहत! ... होय, हेच! मी तरी काय सांगू, माकाच भय वाटता!”