जिभेवर अडलेला पासवर्ड

झरीच्या भुजंगरावांकडे फोन होता, पण तो घराचा कमी आणि त्यांचा जास्त. ओसरीवर त्यांच्या तक्क्याला लागूनच तो ठेवलेला, त्यामुळे त्यांच्या कानाआड एक अक्षरही जायचं नाही. त्या सकाळी सेलूहून ट्रंक कॉल आला, सूनबाईची धाकटी बहीण पंचफुला रडत होती. सूनबाई मनकर्णा पिठाचे हात पुसत धावली.

गोष्ट अशी होती. लग्नाआधी मनकर्णा सेलूतल्या एका जिनिंगच्या कचेरीत कॉम्प्युटर चालवायची. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे नवलाई. कापूस घेऊन आलेले लोक काचेतून डोकावून जायचे. लग्न ठरल्यावर तिनं ती जागा पंचफुलाला मिळवून दिली. वडील वारल्यापासून आई आणि पंचफुला त्याच पगारावर जगत होत्या. लग्नाच्या गडबडीत मनकर्णानं बहिणीला सगळं शिकवलं, फक्त मशीनचा मुख्य पासवर्ड सांगायचा राहून गेला. आता वीज जाऊन आली आणि मशीननं नेमका तोच मागितला. पंचफुलानं अंदाजानं दोन शब्द घातले, दोन्ही चुकले. तिसरा चुकला की मशीन कुलूपबंद, आणि हंगामभराच्या कापसाची वजनं आतच गडप. मशीन पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला विचारलं तर ते म्हणाले, आमच्या दप्तरी तुमच्या मॅनेजरचं नाव आहे, त्यांच्या सहीचं पत्र आणा. ते मॅनेजर केव्हाच देवाघरी गेलेले. तिथून सही कोण आणणार? तिकडे कचेरीत जिनिंगचा शेठ पंचफुलाच्या डोक्यावर उभा राहून बजावत होता, की आत्ता उघडलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस.

"आक्का, निस्ता शब्द सांग," पंचफुला म्हणाली.

शब्द मनकर्णाला पक्का आठवत होता. शाळेत तिला भुजंगप्रयात वृत्त फार आवडायचं, त्याच्या नावातला पहिला शब्दच तिनं पासवर्ड म्हणून ठेवला होता. पुढं भुजंगराव नावाचाच सासरा मिळेल, हे त्या पोरीला काय ठाऊक! नशिबालासुद्धा कधी कधी उद्योग नसतो. या घरात सुनेनं सासऱ्याचं नाव घेणं म्हणजे महापाप. अंगणात साप निघाला तरी बायका 'लांबडं' म्हणायच्या. भजनात तो शब्द आला की सासूबाई, कस्तुराबाई, तेवढ्यापुरते ओठ मिटून घ्यायच्या.

आणि आता खुद्द भुजंगराव हातभर अंतरावर सुपारी कातरत बसले होते. कस्तुराबाई माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामंजी, जरा बाहेर जाता का, असं म्हणायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

मनकर्णानं इंग्रजी अक्षरं सांगून पाहिली. फोन नुसता खरखरत होता.

"बी हाय का डी हाय, काईच कळंना," पंचफुला म्हणाली. "एकच डाव ऱ्हायलाय, आक्का. आख्खा शब्द सांग."

"म्हादेवाच्या गळ्यात असतंय बघ, ते."

"नाग?"

"न्हाई. दाबू नको काई."

"मग सर्प? शेष?"

"न्हाई गं."

भुजंगरावांचा अडकित्ता थांबला. तेवढ्यात एक्सचेंजवाला मध्येच बोलला, वेळ संपत आली, लाइन काढतो म्हणून. मनकर्णानं गयावया केली तर म्हणाला, मागं कॉल तुंबलेत बाई. एसटीनं परभणी गाठून पुढं सेलूला जायचं म्हटलं तर दिवस मावळला असता, आणि शेठ काही तोवर थांबणार नव्हता. फोनमधून पंचफुलाचे हुंदके येत होते. मनकर्णाला वाटलं, आपल्या जिभेपायी ही पोर आणि आपली आई उपाशी मरणार.

तिनं डोळे मिटले.

"भुजंग," ती पुटपुटली.

"काय? ऐकू येईना."

"भुजंग! भुजंग!" ती अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल अशी ओरडली.

"तुझ्या सासऱ्याचं नाव? भुजंगराव?"

"राव लावू नको. निस्तं भुजंग."

फोनमध्ये बटणं दाबल्याचा आवाज आला, मग काहीच आलं नाही.

"उघडलं, आक्का," पंचफुला म्हणाली, आणि लाइन तुटली.

मनकर्णानं फोन ठेवला. लग्नाआधी ठेवलेला पासवर्ड होता तो, एवढंच तिनं खाली मान घालून सांगितलं. अर्धी कातरलेली सुपारी तबकात टाकून भुजंगरावांनी वहाणा घातल्या आणि शेताची वाट धरली. चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं, असं तिला झालं.

ती स्वयंपाकघरात येऊन परातीपुढं बसली. कस्तुराबाई मागोमाग आल्या आणि चुलीतलं लाकूड पुढं सारू लागल्या. आता ही बाई आपल्याला सोलून काढणार, असं समजून मनकर्णा पीठ मळत राहिली.

"ऱ्हायली का नोकरी तिची?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"ऱ्हायली, आत्याबाई."

तव्यावरची भाकरी उलटून झाली. ओसरी रिकामी होती, तरी कस्तुराबाईंनी दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"भुजंग," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी भाकरी तव्यावरून उतरवली.

"आख्खा जल्म गेला गं. मला वाटलं व्हतं, लय जड असंल."