गालावरचा डाग

वैजनाथ लातूरला बाजार समितीत कारकून होता. त्याच्या मामांचा मुरुडला फोटो स्टुडिओ होता. मामा गेल्यावर तिथल्या निगेटिव्ह त्याच्याकडे आल्या. सुट्टीच्या दिवशी तो एकेक पट्टी पांढऱ्या लाइटवर ठेवायचा, वर स्टँडला लावलेल्या कॅमेऱ्यानं टिपायचा आणि कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं करायचा. धूळ, ओरखडे, बुरशी पुसून चेहरे नितळ करण्यात त्याचा हात बसला होता.

त्यातच मुरुडच्या कावेरीबाईंची मुलगी सुकन्या सापडली. शाळेत असतानाच तापानं गेलेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. वैजनाथ मोठी फ्रेम करून मुरुडला घेऊन गेला. त्यांची सून दीपाली आणि शेजारणी बघायला जमल्या.

कावेरीबाई बराच वेळ बघत राहिल्या. "ही माझी सुकन्या न्हाई."

"तीच आहे काकू. पाकिटावर मामांनी नाव लिहिलंय."

"न्हाई रे. हिचं तोंड दुसरंच हाय."

वैजनाथला राग आला. "किती वर्षं झाली, काकू. वय झालं की माणूस विसरतं."

शेजारणी हसल्या. दीपालीनं फ्रेम भिंतीवर लावली.

लातूरला आल्यावर मात्र त्याला चैन पडेना. त्यानं पट्टी पुन्हा लाइटवर ठेवली. सुकन्याच्या गालावर डाग होता. बुरशी समजून तो त्यानंच पुसला होता. पुढच्या फोटोत ती मान वळवून हसत होती. डाग तिथंही होता, त्याच गालावर. म्हणजे ती बुरशी नव्हतीच.

रविवारी तो नवा फोटो घेऊन गेला. कावेरीबाईंनी डागावर बोट ठेवलं. "उकळतं दूध सांडलं होतं. माझ्याच हातून."

"माझं चुकलं काकू. मीच पुसला होता तो."

"तू तसं म्हणलास, तवा मला वाटलं, पोरीचं तोंड खरंच विसरले का काय. आठवडाभर डोळे मिटून आठवत राहिले."

वैजनाथला वर बघवेना.

"दीपालीला बी सांग," त्या म्हणाल्या. "तिच्यासमोर बोलला होतास."

दीपाली आतून आली. शेजारच्या सरजाबाई दारात थांबल्या. काकू काही विसरल्या नव्हत्या, डाग आपणच पुसला, हे त्यानं मान खाली घालून सांगितलं. दीपालीनं भिंतीवरची पहिली फ्रेम उतरवून त्याच्या हातात दिली. एसटी स्टँडपर्यंत जाताना त्यानं ती काचेची बाजू छातीशी धरून नेली.