सहा हात कमी पडलेली तार

मिस्त्रीने सकाळपासून धाकट्या बहिणीच्या घरातली एकेक वस्तू बंद करून पाहिली, पण आवाज काही जाईना. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, प्रिंटरची पिन काढली, इंटरनेटचा डबा काढला. कानाला हेडफोन लावला की आपलं तेच, घूंऽऽऽ. डब्यात भुंगा कोंडल्यासारखं.

"आहे ना अजून?" बहीण म्हणाली. "मी सांगते दादा, खालचा म्हातारा लपूनछपून मोटर लावतोय."

बहीण अंध मुलांच्या शाळेसाठी धडे वाचायची. घरच्याच कॉम्प्युटरवर, माइकसमोर बसून. काम मिळून चारच महिने झाले होते आणि बाईला जणू पंख फुटले होते. स्वयंपाक करतानाही इतिहासाचा धडा घोकायची. पण प्रत्येक धड्यामागे ही घूंघूं. शाळेने तीनदा धडे परत पाठवले आणि शेवटी कळवलं, की सोमवारी स्वच्छ धडा आला नाही तर काम दुसरीला देऊ. आज होता शनिवार.

आता ह्यात खालच्या शिंपीकाकांचा काय संबंध? तर संबंध मिस्त्रीनेच जोडला होता. दोन महिन्यांपूर्वी बहिणीचा फोन आला, तेव्हा साहेब दुसऱ्याच्या घरी शिडीवर चढलेले. "खाली शिलाई मशीन आहे ना? मग मोटरचाच आवाज येणार. त्याला सांग बंद करायला," असं म्हणून फोन खिशात. तीस वर्षं वायरिंग केलेला माणूस, पण उंटावरून शेळ्या हाकायची हौस काही जात नाही!

भावाचा शब्द म्हणजे बहिणीला दगडावरची रेघ. ती तडक खाली गेली. जिन्यात चार माणसांसमोर काकांना म्हणाली, "आंधळ्या मुलांच्या ताटात माती कालवताय, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा." दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटर काढून ठेवली आणि वयाच्या सत्तरीत मशीन पायाने चालवायला लागले. आज जिना चढताना मिस्त्रीने ते पाहिलं होतं. काकांनी दोन्ही गुडघ्यांना फडकी बांधली होती.

आणि आवाज मात्र जसाच्या तसा.

मिस्त्री वैतागून जमिनीवर बसला. उठताना आधाराला म्हणून त्याने कॉम्प्युटरच्या लोखंडी पेटीवर हात टेकला, तर हेडफोनमधली घूंघूं एकदम बसली. हात काढला, पुन्हा सुरू. हात ठेवला, बसली. तळव्याला मुंग्या आल्या.

"कधीपासून चावतोय हा कॉम्प्युटर?" त्याने विचारलं.

"पहिल्यापासून. तूच म्हणालास ना, स्लिपर घालून बसत जा म्हणून."

त्याने खिशातून टेस्टर काढून पेटीला लावला. बारीकसा लाल दिवा लागला, म्हणजे पेटीतली वीज जमिनीत जात नव्हती, माइकमध्ये घुसून घुमत होती. टेस्टर जे सांगत होता ते त्याला आधीच ठाऊक होतं, सहा वर्षांपासून ठाऊक होतं. ह्या घराचं वायरिंग त्यानेच केलं होतं. शेवटच्या दिवशी अर्थिंगची तार, म्हणजे चुकार वीज जमिनीत नेऊन सोडणारी, जिन्याखालच्या मीटरपाशी सहा हात कमी पडली. दुकान बंद झालं होतं. त्याने तारेचं टोक गुंडाळून बोर्डामागे सारलं आणि मनाशी म्हणाला, उद्या जोडू. तो उद्या काही उजाडला नाही. बहिणीने विचारलं, "झालं का रे सगळं?" तेव्हा तो म्हणाला होता, "झालं."

तो जिन्याखाली गेला, बोर्ड उघडला. टोक तिथेच होतं, धूळ खात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पिशवीतली सहा हात तार काढून त्याने जोडणी केली, स्क्रू आवळले. जेमतेम पंधरा मिनिटांचं काम. पलीकडून मशीनच्या पायडलची खटखट येत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा निघत होती. मिस्त्रीचे कान तापले.

वर आला तर बहीण हेडफोन लावून रडत होती आणि हसतही होती.

"गेला! दादा, गेला आवाज! बघ, काही म्हणजे काही नाही! तू खाली जाऊन चांगला दम दिलास ना म्हाताऱ्याला? बरं केलंस."

मान हलवली असती तरी भागलं असतं. अहो, मान हलवणं सोपंच होतं; ती अर्धी हललीही होती. बहिणीच्या डोळ्यांतलं कौतुक कोणाला नको असतं? पण खालून खटखट चालूच होती आणि ती त्याला ऐकवेना.

"छकू," तो म्हणाला, "काकांची मोटर नव्हतीच. चूक माझी. सहा वर्षांपूर्वी मी अर्थिंग जोडलंच नाही. तुला झालं म्हणून सांगितलं, ते खोटं होतं."

तिने हेडफोन हळूच काढून ठेवला.

"मग मी त्यांना जे बोलले ते?"

"माझ्यामुळे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण."

"आपण नाही," ती म्हणाली. "चल खाली."

शिंपीकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मिस्त्रीने हात जोडले, बहीण तर त्यांच्या पाया पडली. काका म्हणाले, "अगं पोरी, माझी मोटर नाही हे मला ठाऊक होतं. काढल्यावरही तुझी तक्रार चालूच होती, तेव्हाच कळलं. पण तू लगेच म्हणाली असतीस, म्हातारा खोटं बोलतो. म्हटलं, कशाला वाद." मग त्यांनी मोटर कपाटातून काढली आणि मिस्त्रीने ती मान खाली घालून बसवून दिली. काकांनी त्याला रागाचा एक शब्दही ऐकवला नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वर येताना बहीण जिन्यातच थांबली.

"दादा, खरं सांग. त्या वर्षी तू आणखी किती घरं केलीस?"

"नऊ."

"त्या नवांमधल्या किती घरांत असं ठेवलंस?"

तिचा आवाज मऊ होता. अनेक घरांत राहून गेलं असेल, हाताला तशी सवयच असेल, असं काहीतरी ऐकायची तिची तयारी होती. तसं असतं तर तिने माफही केलं असतं. मिस्त्रीला ते दिसत होतं, आणि आज दुसऱ्यांदा खोटं बोलायचा मोहही झाला.

"एकाही नाही," तो म्हणाला. "परक्यांच्या घरी तपासणारा माणूस यायचा. तो एकेक स्क्रू बघून घ्यायचा. तुझ्या घरी कोण बघणार होतं?"

बहीण म्हणाली, "मला धडा वाचायचाय," आणि एकटीच वर गेली.