डेलमारचे नकाशे

"हात लावून बघा! असा कागद आता कुणी बनवत नाही!"

डेलमार स्वेन्सनचा खणखणीत आवाज चर्चच्या हॉलभर घुमला. उभी हयात मालगाड्यांवर ब्रेकमन म्हणून काढलेला हा माणूस सुट्टीत जुने रेल्वे नकाशे धुंडाळत हिंडायचा. दर ऑक्टोबरात गेल्सबर्गच्या या हॉलमधल्या जत्रेत त्याचं टेबल ठरलेलं. यंदा मुलगी कोरिन गाडी चालवत त्याला घेऊन आली होती. गुडघा दुखतो, असं त्यानं सांगितलं होतं.

निळ्या स्वेटरमधल्या एका बाईनं विचारलं, "सगळ्यात जुना कोणता?"

डेलमारनं टेबलावरच्या खोक्यातला पुढून तिसरा नकाशा उपसला. "हा! अठराशे पन्नासचा. सगळे रूळ पूर्वेला दाटलेत, बघा. मिसिसिपी ओलांडायची कुणाची छाती नव्हती. पलीकडे नुसता कोरा कागद!"

बाई जरा घुटमळली. "अहो, पण यात तर रूळ थेट कॅलिफोर्नियापर्यंत गेलेत."

डेलमारचा हात खोक्यावर गेला. खोकं त्यानं स्वतः क्रमानं लावलं होतं. सकाळी ते नीटनेटकं करताना कोरिननं क्रम बदलला असणार.

"घाईत दुसरा हाती आला असेल," बाईच म्हणाली.

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण नकाशाबद्दल तो आजवर कुणाशी खोटं बोलला नव्हता.

"नाही बाई. डोळे गेलेत माझे. समोरचं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं."

कोरिन ताडकन उठली. "बाबा! कधीपासून?"

"ईस्टरपासून."

"आणि मला गुडघा सांगितलात?"

"तोही दुखतोच की! खरं सांगितलं असतं तर मला घरी बसवलं असतंस."

"बसवलंच असतं!"

"मग? आता आलोय ना? इकडे खुर्ची ओढ. तू साल वाच, पुढचं मी सांगतो."

कोरिननं खुर्ची ओढली. "अठराशे ब्याऐंशी," तिनं त्याच नकाशावरचं साल वाचलं.

"वा! मग तर मजाच. माझं बोट ओमाहावर ठेव."

तिनं ठेवलं. डेलमार सांगू लागला. त्याचं बोट गवताळ माळावरून पश्चिमेला निघालं. शायेनला थांबलं, पाणी भरून घेतलं, डोंगर चढलं. बर्फात अडकलेली गाडी, सुरुंगानं फोडलेले कडे, रूळ टाकणारे चिनी आणि आयरिश मजूर... शेजारच्या टेबलांवरची माणसंही जवळ सरकली. बोलण्याच्या भरात बोट कागदाची कड ओलांडून टेबलावरच्या चादरीवर गेलं आणि तिथं ठाम टेकलं.

"आणि हे आलं कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो!"

कोरिननं नकाशा दोन्ही हातांनी धरला आणि ते गाव त्याच्या बोटाखाली येईपर्यंत हलकेच पश्चिमेला सरकवला.