व्हर्नाचा काटा

व्हर्ना टॉलेफसनने सव्वीस वर्षं मोंटानातल्या घाटरस्त्यांवर शाळेची बस चालवली, पण पोरांच्या जिवाशी खेळ एकदाही होऊ दिला नाही. नवऱ्यामागे त्याचं जुनं रिव्हॉल्व्हर उरलं. त्या मापाची काडतुसं दुकानात मिळेनाशी झाली, म्हणून उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायला शिकावं, असं तिने ठरवलं. नेमबाजी क्लबात शनिवारी ड्वाइट केसलर शिकवायचा.

ड्वाइटच्या टेबलावर बंदुकीच्या दारूचे दोन वेगवेगळे डबे उघडे होते, भिंतीवरच्या टीव्हीत फुटबॉलचा सामना चालू होता आणि त्याचं तोंड त्याहून जोरात चालू होतं. एकेक पुंगळी दारूने भरत तो स्कोअर ओरडायचा.

"तोलायचं नाही का?" व्हर्नाने विचारलं.

"अहो बाई, रश्श्यात मीठ तोलून घालता का तुम्ही? हात बसला की झालं!"

सगळे हसले. व्हर्ना मात्र ओळीने उभ्या पुंगळ्यांत डोकावत होती. एकीत दारू बाकीच्यांपेक्षा बरीच वर आलेली. ड्वाइटने तीच उचलली आणि वर गोळी बसवायला निघाला.

"थांबा! ठेवा ती खाली."

तिने ती टेबलावरच्या वजनकाट्यावर रिकामी केली. वजन ठरल्या मापाच्या बरोबर दुप्पट भरलं.

"होतं एखाद्या वेळी," ड्वाइट पुटपुटला.

"एखाद्या वेळी?" व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. "बंदूक फुटली असती एखाद्याच्या हातात! डोळे गेले असते, तेही एखाद्याच वेळी जातात! सकाळी भरलेली पन्नास काडतुसं कुठायत? उघडा सगळी."

"वेड लागलंय का?"

ती खोक्यावर हात ठेवून बसली. शेवटी चिडून त्याने सगळी उघडली. पन्नासच्या पन्नास चोख निघाली. "झालं समाधान, काटेबाई?" तो म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला. तिचे कान तापले. एकोणपन्नास बरोबर निघाली म्हणून पन्नासावं न बघता सोडायचं, हे तिच्या डोक्यात शिरेना. ती तडक उठून घरी आली.

मग काडतुसं भरायचं पुस्तक उघडून ती गॅरेजमध्ये बसली. टीव्ही बंद, फोन बंद, सरमिसळ नको म्हणून टेबलावर दारूचा एकच डबा. पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात, प्रत्येक पुंगळी तोललेली, गोळी बसवण्याआधी बॅटरीने आत पाहिलेलं. दुपारभरात सहाच काडतुसं झाली. सहाही नीट उडाली.

पुढच्या शनिवारी दार वाजलं. दारात नोरीन, ड्वाइटची बायको, चष्मा पुसत उभी.

"त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "वीस वर्षं मी त्याचीच काडतुसं उडवतेय, व्हर्ना. मला शिकव."

"त्याला मीच सांगेन," व्हर्ना फणकारली, "आणि सगळ्यांसमोर! ये आत. आधी तो फोन बंद कर."