मुलगा सांभाळत नाही

नृसिंह मास्तरांनी विनाअनुदानित शाळेत सव्वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. पेन्शन नव्हतीच. मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा सरकारी योजनेतून आठवड्याला दोनदा फुकट डायलिसिस व्हायचं. त्यावरच ते जगत होते.

मुलगा वरद शिरोलीच्या एका फाउंड्रीत कंत्राटी कामाला होता. पगार तुटपुंजा, त्यातूनही कंत्राटदार कर कापायचा. तो परत मिळावा म्हणून वरदनं विवरणपत्र भरलं आणि तेवढ्यानं मंगळवार पेठेतलं त्यांचं दोन खोल्यांचं घर करदात्याचं ठरलं. रेशनकार्ड रद्द झालं आणि योजनेतून नाव उडालं.

पुरवठा कार्यालयातला कारकून म्हणाला, “पावणं, लोकांच्या कराचा पैसा हाय. खऱ्या गरजूलाच गेला पायजे.”

“अवो, मीबी भरलाय की कर! अण्णा मरतील माझे!”

“मग एकच वाट हाय. वेगळं ऱ्हावा. मुलगा विभक्त हाय, सांभाळत न्हाय, असं वडलांचं प्रतिज्ञापत्र आणा.”

वरदनं आणलेला प्रतिज्ञापत्राचा कागद मास्तरांनी वाचला आणि बाजूला सारला. “कर म्हणजे एकमेकांना सांभाळायला काढलेली वर्गणी, असं मी पोरांना शिकवलं. आणि आता लिहून देऊ, माझा पोरगा मला सांभाळत नाही?”

मोटारसायकल विकून वरदनं तीन आठवडे खासगी दवाखान्यात भागवलं. नंतर एक डायलिसिस चुकलं, मग दुसरं. मास्तरांचे पाय टम्म सुजले. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून ते बसून राहायचे. बायको लीला उशा सरकवत म्हणायची, “माझ्यासाठी तरी करा हो सही.” ते मान हलवायचे.

दुसरं चुकल्यावर चौथ्या दिवशी त्यांना वाक्य पुरं करता येईना. वरदनं त्यांचे पाय धरले. “अण्णा, करा की सही! खोटं बोलल्याचं पाप माझ्यावर. तुम्ही गेल्यावर मी खरं बोलून काय करू?”

मास्तरांनी पेन मागितलं. सही अर्ध्यातच घसरली, पण चालली.

वरद मित्राच्या खोलीवर गेला. लीलानं त्याचे कपडे, दाढीचं सामान, भिंतीवरचा त्याचा फोटोसुद्धा पिशवीत भरून दिला. दुसऱ्याच दिवशी चौकशीला आलेल्या निरीक्षकानं विचारलं, “मुलगा येतो का?”

“न्हाय,” लीला म्हणाली. “वर्ष झालं, फिरकला न्हाय. आईबाप जगले काय, मेले काय, त्याला कशाचं काय न्हाय.” बोलताना तिला हुंदका आवरेना. निरीक्षकाला ते खरं वाटलं. त्यानं मान खाली घालून शेरा लिहिला.

डायलिसिस पुन्हा सुरू झालं. पहिल्याच दिवशी लीलाला चक्कर आली, म्हणून अर्धी पाळी टाकून वरद दवाखान्यात गेला. मास्तर मशीनला जोडलेले होते. सिस्टरनं वही पुढं केली. “पेशंटचे कोण तुम्ही?”

वरदनं वही जवळ ओढली. “ओळखीचा आहे,” तो म्हणाला.

मास्तर जागे होते. त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. वरद स्टूल ओढून त्यांच्या पायांशी बसला, पण हात लावायची त्याला हिंमत झाली नाही.