रविवारचा उजेड

ट्यूब आधी पिवळी पडली, दोनदा लुकलुकली आणि विझली. रुपरावानं काडी ओढून घड्याळात पाहिलं. साडेआठ. बसवून देणारा इंजिनिअर चार तास उजेडाची हमी देऊन गेला होता आणि इथं दोन तासही धड होत नव्हते.

"आपला करंट कोनी तरी चोरून राह्यलं," तो म्हणाला.

गोपिकेनं चिमणी पेटवली. नवऱ्याच्या तोंडून असलं काही ऐकायची तिला लग्नापासून सवय होती.

रुपराव वीज खात्यात लाइनमन. पंचवीस वर्षं तो नागपूरभर खांब चढला, पण सक्करदऱ्याच्या पलीकडच्या त्याच्या स्वतःच्या वस्तीत खांब काही आला नाही. शहाऐंशी साली नमुन्यादाखल एका घरावर उन्हावर चालणारी वीज बसवायचं ठरलं, तेव्हा वस्तीनं एकमुखानं त्याचं नाव सुचवलं. याला तारांमधलं कळतं, म्हणून. छपराच्या कवेलूंवर, उतारावर काळी काच बसली, खाटेखाली बॅटरी आली आणि दिवसाचं ऊन संध्याकाळी घरात उजेड देऊ लागलं. तारेवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांना पकडण्यात हयात गेल्यामुळे रुपरावाला जगात दोनच प्रकारची माणसं ठाऊक होती, सापडलेली आणि अजून न सापडलेली.

शेजारी सिंधूताई राहत. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. विड्या वळून पोट भरायच्या. चिमणीच्या धुरानं त्यांचे डोळे सुजलेले पाहून गोपिकेनंच त्यांना बोलावलं होतं. संध्याकाळ झाली की मांडीवर सूप घेऊन त्या रुपरावाच्या दारासमोर, अंगणात पडलेल्या उजेडाच्या पट्ट्यात बसत. रुपराव कुरकुर करी, पण आपली सावली त्यांच्या सुपावर पडू नये म्हणून दारात बसताना एका बाजूला सरकूनही बसे.

आता मात्र त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. एक गोष्ट त्यानं नेमकी हेरली होती. रविवारी ट्यूब साडेदहापर्यंत जळे, आणि रविवारी सिंधूताई कामठीला लेकीकडे गेलेल्या असत. शिवाय त्यांची कपडे वाळत घालायची तार त्याच्याच छपराच्या वाशाला बांधलेली होती. आणखी काय पुरावा हवा?

सोमवारी कामावरून आल्या आल्या तो पक्कड घेऊन बाहेर पडला. त्या तारेतून वीज जाते की नाही हे तपासायला त्याला एक मिनिट पुरलं असतं. पण संशय पक्का झाला की आधी तोडायचं आणि मग विचारायचं, ही त्याची खात्यातली सवय. चार-पाच शेजारी बघत असताना त्यानं तार कापली. ओलं लुगडं मातीत पडलं.

सिंधूताई दारात आल्या. "रुपरावभाऊ, हे तार तुमीच बांधून देल्ली होती. आमच्या घरचा मानूस गेला त्या साली."

"तवा माह्या घरी करंट नोहता," रुपराव म्हणाला.

त्यांनी लुगडं उचललं, झटकलं आणि त्या आत गेल्या. त्या संध्याकाळी सूप अंगणात आलं नाही, आणि ट्यूब साडेआठलाच गेली.

दुसऱ्या कुणाला इथं शहाणपण सुचलं असतं. रुपरावाला सुचलं ते एवढंच, की बाईनं वायर जमिनीखालून नेलेली दिसते. चोर रंगेहाथ धरायचा म्हणून मंगळवारी तो अर्ध्या दिवसाची सुटी टाकून भर दुपारी घरी आला. घराला कुलूप. गोपिका डाळ मिलमध्ये गेलेली. त्यानं सहज छपराकडे पाहिलं.

काळ्या काचेवर तागाचं पोतं पसरलेलं होतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दोन कवेलू ठेवलेले.

त्यानं काठीनं पोतं ओढून काढलं आणि ते मांडीवर घेऊन सावलीत बसला. साडेचारला गोपिका आली. आल्याबरोबर तिनं कोपऱ्यातली काठी उचलली, छपराकडे पाहिलं आणि मग तिला नवरा दिसला.

"हे पोतं काहून टाकलं होतं वं?"

"तुमीच त म्हनलं होतं," गोपिका म्हणाली. "घरी कोनी नसते, महागाची वस्तू हाय, कोनाच्या नजरेत येऊ देऊ नको म्हनून. मिलात जाताना झाकतो, आल्यावर काढतो. रविवारी घरीच राह्यतो, मंग कायले झाकू?"

ऐन उन्हाचे पाच तास. रोज. रुपराव तिच्यावर ओरडला नाही. ओरडायला तोंडच उरलं नव्हतं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा इतकी लाज वाटली.

बुधवारी त्यानं नवी वायर, होल्डर आणि दिव्याचा छोटा लट्टू आणला आणि सिंधूताईंच्या दाराशी उभा राहिला. त्यांनी बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. पोत्याकडे पाहून तो उभाच राहिला. चुकलं माझं, असं तो दोनदा म्हणाला. आतल्या खोलीत लट्टू लावून देतो, आता बॅटरी दोन घरांना पुरते, असंही म्हणाला.

सिंधूताईंनी हातातली विडी वळून पुरी केली. चिमणीच्या धुरानं डोळे पुन्हा सुजलेले दिसत होते.

"माह्या मनात राग नाही, भाऊ. पन वायर नको. उद्या ट्यूब पुन्हा लवकर गेली, त तुमी पह्यले कोनाच्या भिताडाकडे पाहाल?"

रुपरावानं वायरचं वेटोळं उचललं आणि तो घरी आला.

तुटलेल्या तारेला सिंधूताईंनी स्वतःच गाठ मारून घेतली होती. तिचं दुसरं टोक आता त्यांच्या बाजूच्या कडुनिंबाला होतं. रुपरावाच्या घरी मात्र रोज साडेदहापर्यंत लख्ख उजेड पडू लागला. लोक बघायला येत, वाखाणत. ते गेले की रुपराव दारात येऊन बसे. समोर उजेडाचा पट्टा मोकळाच असे, आणि तरी तो सवयीनं एका बाजूला सरके.